नखाएवढं अंतर

नाही शिवले बूट. तसेच ठेवलेत — ते बघा, खिडकीत, तुम्ही सोमवारी ठेवून गेलात त्याच पिशवीवर. म्हणजे अगदी तसेच नाहीत, थोडं काहीतरी केलंय मी त्यांना, सांगतो, पण शिवले नाहीत. आता असं तोंड नका करू, साहेब. नाटकाचा खेळ उद्या दुपारी आहे, मला माहीत आहे, आणि तुमचे हे बूट शिवायला मला अर्धा तास पुरे — हाताला पाठ झालेत ते. बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय हलतो — हसा, हसा, सगळ्या गावाचे पाय सांभाळतो आणि घरच्या स्टुलाचा एक पाय दुरुस्त होत नाही, आमची ही रोज ऐकवते मला. खुर्चीवर बसा. आणि ते जिन्याकडचं दार लोटून घ्या जरा. वाऱ्यासाठी नाही हो — वर ऐकू जातं. वरच राहतो आम्ही. हा जिना थेट तिच्या स्वयंपाकघरात निघतो.

तर काय म्हणत होतो — दहा आठवडे झाले, बरोबर? दहा आठवडे तुम्ही दर सोमवारी हेच बूट आणता आणि दर शनिवारी घेऊन जाता. पहिल्यांदा आणलेत तेव्हा मी मनात म्हटलं, कोणाचा राग निघालाय हा? चांगलं जाड कातडं, आणि वरून, नाडी सुरू होते तिथून थेट बोटांपर्यंत चिरलेलं, दोन्ही पायांचं. आणि वर तुम्ही सांगता, कच्च्या दोऱ्यानं शिवा, परत कापायचेत! अहो, चाळीस वर्षं झाली मला या धंद्यात, टाका कच्चा घाला म्हणणारं पहिलं गिऱ्हाईक तुम्ही. माझा हातच वळेना. पहिल्या वेळी मी पक्काच घातला, मेण लावून, दुहेरी — आठवतं ना, तुमच्या त्या पोराला भर खेळात कापताच येईना म्हणून तुम्ही तणतणत आला होतात? मुद्दाम नाही केलं मी. म्हणजे — केलं असेल. मला ती चीर बंद करायची होती. का कापता, हे मात्र मी विचारलं नाही. गिऱ्हाइकाला का म्हणून विचारू नये, एवढं कळतं मला. आणि खरं सांगायचं तर मला ऐकायचंच नव्हतं. कारण तसली चीर मी आधी एकदा बघितली होती. एकदाच. ते जाऊ दे.

मग गेल्या शनिवारी तुम्ही ते दोन पास ठेवून गेलात. मी काही जाणार नव्हतो. लढाईचं नाटक कशाला बघायचं, लढाई काय बघायची गोष्ट आहे? पण ते पास इथं या मेणाच्या डब्याखाली ठेवलेले, आणि ही खाली आली चहा घेऊन, आणि तिला दिसले. म्हणाली, जाऊ या. म्हटलं, तुला झेपणार नाही. म्हणाली, मला काय झेपतं ते तुम्ही नका सांगू. आता अशा बाईपुढं काय बोलणार? गेलो. तिनं ती ठेवणीतली करड्या रंगाची शाल घेतली, मी दाढी केली. किती वर्षांनी आम्ही दोघं असे बरोबर बाहेर पडलो असू. रस्ताभर मी लोकांच्या टाचा बघत होतो आणि ती दुकानांच्या पाट्या वाचत होती.

आत गेल्यावर — तुम्ही आम्हाला दहाव्या रांगेत बसवलंत, कडेला. खुर्च्या छान आहेत तुमच्या. आणि मी नाटक कसं बघतो सांगू? खालून. सवय आहे. माणसाच्या तोंडापर्यंत पोचेस्तोवर निम्मा माणूस मला कळलेला असतो. तो जाड्या हवालदार आहे ना तुमचा, त्याचे बूट त्याला एक नंबर मोठे आहेत, वळताना टाच उचलते, आत कापूस कोंबायला सांगा. आणि तो जो सासूची नक्कल करून सगळ्यांना हसवतो — हसवतो हो, ही पण हसली, पदर लावला तोंडाला — तो एका पायावर जास्त भार देतो, त्याचा गुडघा दुखत असणार. पण एक सांगतो. पोत्यांची भिंत, चार फळ्या आणि तो निळसर उजेड, बाकी काही नाही तुमच्या त्या खंदकात. पाण्याचा टिपूस नाही. आणि तरी चौघं जेव्हा पाय उचलतात ना — आधी टाच, मग थांबायचं, मग ओढून काढल्यासारखा पुढचा पाय — तेव्हा पाणी दिसतं. गुडघ्याखाली चांगलं वीतभर. माझे स्वतःचे पाय गार पडले बसल्या जागी. तेव्हाच मनात आलं, हे यांना कोणीतरी शिकवलंय. ज्यानं शिकवलंय तो तसा चाललेला आहे.

मग तो धाकटा. फळीवर बसतो आणि म्हणतो, जरा बूट काढतो, बोटं कळेनाशी झालीत. आणि बूट निघत नाही. एकजण ओढतो, मग दोघं ओढतात, तिसरा मागून त्याला काखेत धरतो — लोक हसले. मीही हसलो. आणि मग तो ओरडला, आणि सगळं थिएटर गप्प झालं. मग तो म्हणतो, राहू द्या, सुरी द्या. आणि स्वतःच कापतो. सावकाश. वरून खाली, जीभ दातांत धरून, आई झोपलेल्या पोराच्या अंगातून सदरा काढते ना, तसं जपून. आणि माझा टाका तुटताना मला ऐकू येत होता. एकेक. तुम्ही म्हणाल दहाव्या रांगेत कसा ऐकू येईल — आला. मी घातलेला टाका होता तो. आणि मला एवढंच कळलं, बाकी कोण काय बोललं मला माहीत नाही, एवढंच कळलं, की या कापण्यात राग नाही. कुठंच नाही. त्याला बूट आवडत नाही म्हणून तो कापत नाहीये. पाय सुजलाय म्हणून कापतोय.

आता मला खरं सांगा. हे तुम्ही नाटकासाठी रचलंत, की तिथं असं व्हायचं? थांबा, सांगण्याआधी ऐका, म्हणजे मला फसवायचा त्रास नको तुम्हाला. तुमचा डावा बूट बघा. बोटांच्या मागं, जिथं पाऊल दुमडतं, तिथं साऱ्या जगाच्या बुटाला चुणी पडते. तुमच्या उजव्याला आहे. डाव्याला नाही. पहिल्याच दिवशी बघितलं मी. त्या पायाला पुढं बोटं नाहीत तुमच्या, आत काहीतरी भरून घेतलंय. जन्मापासून म्हणावं तर नाही, कारण टाच अजून जुन्याच सवयीनं झिजते. तिथंच गेली ना? ... हं. आणि बूट? तुम्हीही कापले? ... दोन्ही? ... सगळेच कापायचे. सगळेच. हं.

पाणी देऊ तुम्हाला? मलाच हवंय. बसा, बसा, मी घेतो.

एक पोरगा होता मला. एकुलता. लांब्या म्हणायचो मी त्याला — उंच होता म्हणून नाही, उंचीनं बेताचाच — अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब होतं त्याचं. जन्मला तेव्हा लोक डोळे बघत होते, नाक बघत होते, मी पाय बघितले. म्हटलं, या बोटाला जागा ठेवावी लागणार. दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला मी त्याचा पाय कागदावर ठेवून पेन्सिल फिरवायचो. आहेत ते कागद अजून, तिच्याकडे. त्याला हे काम नको होतं. कातड्याचा वास नको, मेणाचा नको, दुसऱ्याच्या पायाशी बसणं नको. तोंडावर सांगितलं होतं मला, बाबा, मी तुमच्यासारखा वाकून म्हातारा होणार नाही. पण हात होता हो त्याला. माझ्यापेक्षा चांगला. सुट्टीच्या दिवशी मी बळंच बसवायचो दोन तास, हातात आरी द्यायचो, भोकं पाडून घ्यायचो. मोजपट्टी वापरू द्यायचो नाही. एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत अंगठ्याचं नख ठेवायचं, तेवढंच अंतर, कमी नाही जास्त नाही. तोंड वाकडं करून पाडायचा, पण पाडायचा सारखी.

आणि मग एके दिवशी भरती होऊन आला. मला न विचारता. मी आठ दिवस बोललो नाही त्याच्याशी. नवव्या दिवशी त्याचा पाय मोजायला घेतला. दुसरं काय येतं मला? अकरा दिवस लागले. माझ्या हातून तसे बूट आधी झाले नाहीत आणि नंतर तर नाहीतच. पायाला हातमोजा बसावा तसे. लांब बोटाची जागा, पोटरीचा उतार, सगळं बरोब्बर. आणि तो म्हणतो, बाबा, तिकडं सरकारी बूट मिळतात. सरकारी! मी बघितले होते ते. आत दोन बोटं सहज जातात, कोणाच्याही पायात कोणाचाही बूट. मी म्हटलं — काय म्हटलं ते सांगतोच आता तुम्हाला, एवढं सांगितलंय तर — मी म्हटलं, माझ्या हातचं घालायची लाज वाटत असेल तर या घरात परत पाय ठेवू नकोस. असं म्हणतात का, साहेब? निघालेल्या पोराला असं म्हणतात? तो खाली बसला, या जिन्याच्या पायरीवर, आणि घातले. उभा राहिला, दोन पावलं चालला. म्हणाला, थोडे घट्ट होतायत का हो? मी म्हटलं, कातडं सैल पडतं. घालशील तसं पडेल.

पडतं की. कोरड्यात पडतं. ओल्यात आखडतं. कातडं आखडतं हे मला माहीत होतं — चाळीस वर्षं तेच करतोय. पाय फुगतो हे माहीत नव्हतं. मी आयुष्यभर मोजले ते कोरडे पाय, साहेब. घरात, चटईवर, कागदावर ठेवलेले. त्या सरकारी बुटांत दोन बोटं जागा का ठेवतात, हे मला तुमच्या नाटकात कळलं. मी त्याला वेडेपणा म्हणत होतो, हसत होतो त्या बुटांना.

चार पत्रं आली त्याची. चारही पत्रांत एक ओळ — बूट छान आहेत. मी विचारलंही नव्हतं. मला काय वाटावं? मला वाटलं, बघा, मानलं शेवटी पोरानं. गिऱ्हाइकांना वाचून दाखवायचो मी ती ओळ.

मग ते कळलं. गोळी नाही, तोफ नाही. ताप. तंबूतल्या दवाखान्यात होता आठवडाभर, तिथंच गेला, तिथंच माती दिली. आता कुठून चढला ताप, ते मला गेल्या रविवारपर्यंत सुचलं नव्हतं. तुमच्या त्या धाकट्याला तिसऱ्या अंकात उचलून नेतात आणि तो आईला हाक मारत असतो, तेव्हा सुचलं. पायातूनच चढला असणार. माझ्या बुटातून. ... नाही, नका काही बोलू. तुम्ही नाही म्हणालात तरी मला खरं वाटणार नाही आणि हो म्हणालात तर इथं बसवणार नाही.

महिन्याभरानं पुडकं आलं. दुकानाच्या पत्त्यावर. मी एकटाच होतो, इथंच, या तिवईवर. एक कंगवा, एक स्वेटर, तिनं पाठवलेली पत्रं दोरीनं बांधलेली, अर्धी वापरलेली साबणाची वडी. आणि खाली बूट. दोन्ही चिरलेले. वरून खाली, नाडीपासून बोटांपर्यंत. आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडलेली. माझ्या अकरा दिवसांच्या कातड्याला भोसकल्यासारखी भोकं. मला काय वाटलं असेल? तुम्हीच सांगा. तो मेलाय, आणि माझ्या हातात हे. मला वाटलं, उत्तर पाठवलंय यानं. मी म्हटलं होतं ना, घालायची लाज वाटत असेल तर परत येऊ नकोस — हे घ्या तुमचे बूट, आणि आलो नाही परत. मरता मरता सूड घेतला माझ्यावर, असं वाटलं. पोटच्या पोराबद्दल असं वाटलं मला. मी रडलो नाही. सांगतो तुम्हाला, त्या दिवशी मी रडलो नाही, मी दात ओठ खात होतो.

बाकीचं सगळं तिला नेऊन दिलं वर. तिनं एकेक वस्तू पदरात घेतली, साबणाचा वास घेतला. म्हणाली, बूट? मी म्हटलं, नाही आले. बस. दोन शब्द. विचार करून नाही बोललो, तोंडातून निघून गेले. पोरानं बापाचे बूट सुरीनं फाडले, हे तिला कसं दाखवायचं?

आणि बूट काय केले म्हणता? फेकले नाहीत. कातडं फेकत नाही आम्ही. त्या हिवाळ्यात ते माझ्या हाताशी होते आणि कोणाची टाच उसवली, कोणाचा अंगठा बाहेर आला, की मी रापी घ्यायचो आणि त्यातला एक तुकडा कापून ठिगळ लावायचो. शाळेतल्या बाईंना लावलं. पाववाल्याला लावलं. सारा हिवाळा पुरले. शेवटी भोकं असलेली कड राहिली, ती वादीसारखी कापून शेगडीत घातली. तेव्हा बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

अकरा वर्षं झाली. आणि आता तुमच्या नाटकात तो धाकटा बूट कापतो, आणि मग काय करतो? चिंधी गुंडाळतो भोवती. गाठ मारतो आणि उभा राहतो. आणि मी दहाव्या रांगेत बसून मनातल्या मनात म्हणतोय — कारण माझं डोकं असलंच, नाटकात लोक रडतायत आणि माझं डोकं कामावर — म्हणतोय, चिंधीनं काय होणार आहे, दहा पावलांत निसटेल, चिखलात बूट राहील आणि पाय वर येईल. यानं खरं तर दोन्ही कडांना भोकं पाडायला हवीत. खिळ्यानं पाडली तरी चालतील. त्यातून सुतळी ओवायची, म्हणजे पाय सुजला की सैल करायची, ओसरला की आवळायची, म्हणजे बूट पायात राहतो —

आणि तिथंच मी बोटांवर मोजायला लागलो.

चार इकडे, चार तिकडे. लांब्याच्या दोन्ही बुटांना. खिळ्यानंच पाडलेली होती, कडा फाटलेल्या होत्या. पण अंतर सारखं होतं, साहेब. नखाएवढं. सगळ्यांत सारखं. मी ते बघितलं होतं. हातात घेऊन, या उजेडात, या खिडकीशी. भोसकणारा माणूस अंतर मोजतो का? एवढं साधं मला कळलं नाही. दुसऱ्याच्या बुटाची चुणी बघून मी सांगतो याला बोटं नाहीत, आणि माझ्या पोरानं त्या पाण्यात बसून, कळत नसलेल्या बोटांनी, अंगठ्याचं नख ठेवून ठेवून भोकं पाडली, ती मला वाचता आली नाहीत. त्यानं फाडले नव्हते. त्यानं दुरुस्त केले होते. मी शिकवलं होतं तसेच. तिथं सरकारी बूट मागितले असते तर मिळाले असते ना? मेलेल्यांचे तर होतेच की — तुमच्या नाटकात आहे ना ते, एकमेकांचे घालतात. मग यानं माझेच का बांधून घातले? ... नाही, नका सांगू. मला माहीत आहे का ते. मीच म्हटलं होतं ना, ते नसतील पायात तर परत येऊ नकोस. त्याला परत यायचं होतं.

एक मिनिट द्या मला. ... काही नाही. झालं.

हे बघा, हे केलंय मी तुमच्या बुटांना. चार आणि चार. आरीनं नाही पाडली, मुद्दाम खिळा घेतला. कडा अशाच राहू देत. आणि ही सुतळी. त्या पोराला सांगा, चिंधी गुंडाळू नकोस, कापून झालं की एवढं ओवून घे. मधली चीर आता शिवून देतो, कच्चाच टाका घालतो, तुमचा खेळ अडणार नाही. पण हे एवढं करा. वेळ लागेल त्याला ओवायला, लागू दे. लोक बसतील. कोणीतरी बघेल. म्हणजे — माझ्या पोरानं असं केलं होतं हे कुठंतरी असलं पाहिजे. ते बूट तर मी ठिगळं करून गावभर वाटले. आता ते कुठं आहेत? कुठंच नाहीत.

तिला का सांगत नाही? हेच विचारणार होतात ना? सांगणार होतो. नाटकातच सांगणार होतो, त्याच क्षणी, हात धरला होता तिनं माझा. मी वळलो तिच्याकडे. डोळे वाहत होते तिचे, आणि माझ्याआधी तीच माझ्या कानाशी बोलली. म्हणाली, बिचाऱ्याचे पाय बघा हो. आपल्याचं असं नाही झालं. तुम्ही केलेले होते ना त्याच्या पायात. पाय कोरडे राहिले असतील त्याचे. आणि जाताना पण पायातच होते, नाहीतर परत आले असते की. ... काय बोलू मी? अकरा वर्षं ती यावर जगलीय, आणि मला पत्ता नाही. मी आपला दोन शब्दांत खोटं बोलून मोकळा झालो, आणि तिनं त्यातून हे उभं केलं — की पोर मातीत आहे पण बापाचे बूट घालून आहे. लहानपणी पाय गार पडले की झोपायचा नाही तो, ती उठून तिच्या हातांनी चोळून द्यायची. आता सांगा म्हणता तिला, की बूट आले होते, चिरलेले, आणि तो अनवाणी गेला? सांगितलं तर तिला पहिल्यांदा काय दिसेल माहीत आहे? मी नाही दिसणार, माझं खोटं नाही दिसणार. त्याचे उघडे पाय दिसतील. आणि नाही सांगितलं तर तिला हे कधी कळणार नाही की त्यानं ती भोकं पाडली. हे मी एकट्यानं घेऊन बसायचं. आता काय, बसेन.

पण एक आहे. म्हणूनच दार लोटायला सांगितलं. गेले सहा दिवस तिचं एकच चाललंय — ते नाटकवाले साहेब शनिवारी येतील ना, मला त्यांना एक विचारायचंय, ते होते तिथं, त्यांना माहीत असेल. तुम्ही होतात हे मीच बोलून बसलो, तुमच्या पायाचं सांगितलं तिला, माझी जीभ. काय विचारणार तेही सांगितलंय तिनं. तंबूत माणूस गेला की त्याला बुटांसकट माती देतात का. एवढंच विचारेल. आणि तुम्ही हो म्हणायचं. हो, आई, देतात. तीन शब्द. मला माहीत आहे, तुमच्या त्या नाटकात एक वाक्य खोटं नाही, तुम्ही तसले माणूस नाही, ते दिसलं मला. पण ते खरं त्या तीनशे लोकांना सांगा, दर खेळात सांगा, ओरडून सांगा. तिला नको. माझ्यासाठी नका करू — माझ्यासाठीही करा, खोटं कशाला, मला तिच्या तोंडाकडे बघायचंय उद्या सकाळी — पण तिच्यासाठी करा. ... असे मान खाली नका घालू. तुमची आई असती तर —

गप्प. जिना वाजला. आली.

ये गं, ये. सावकाश, ती तिसरी पायरी बघ. हो, हेच ते. हो, त्यांचंच नाटक. अगं, ते उठतायत तुझ्यासाठी, बसू दे त्यांना, त्यांच्या पायाला — बसा साहेब. तू पण बस. नाही? बरं, उभ्यानं विचार. विचार की, घाबरतेस काय, आपलेच आहेत ते. ... हां. ऐकलंत ना साहेब, काय म्हणते ती? ... परत विचार, हळू बोललीस. ... आता ऐकलंत.

साहेब.

ती तुमच्याकडे बघतेय, साहेब. बोला ना.